वसईच्या विहिरींखालचें खारें पाणी

अर्नाळ्यापासून आगाशी, नंदाखाल, वटार, नाळे, निर्मळ, गास, भुईगांव, गिरीज अशीं गांवें घेत वसईच्या किल्ल्यापर्यंत जी चिंचोळी बागाईत पट्टी उतरत गेली आहे, तिच्याखालीं आलेल्या एका संकटाविषयीं आम्ही आज लिहीत आहोंत. संकट नवें नाहीं. परंतु तें डोळ्यांस दिसत नसल्यामुळें प्रत्येक पिढीस नव्यानें सांगावें लागतें. टोळ आले तर आभाळ काळें होतें, उधाण आलें तर बांध फुटतो, आणि गांव धांवून जातो. केळीच्या पानाची कड करपूं लागली म्हणजे मात्र कोणी धांवत नाहीं. एक शेजारी म्हणतो खत जास्त झालें, दुसरा म्हणतो यंदा ऊन कडक आहे. पुढच्या सालीं पानवेल माना टाकते, आणि मग विहिरीचें पाणी जिभेवर ठेवून पाहण्याची बुद्धि होते. तोंवर पाणी मचूळ होऊन गेलेलें असतें.

या पट्टीची घडणच अशी आहे कीं, तीन बाजूंनीं खारें पाणी तिला वेढून आहे. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचें मुख. आणि पूर्वेकडे सोपाऱ्याच्या खाडीचीं खाजणें. एके काळीं वसई हें जवळजवळ बेटच होतें. मधली भूमि वाळूची, शिंपल्यांच्या चुऱ्याची, आणि हीं दोन्ही गोठून झालेल्या दगडाची. मृगापासून पडणारें पाणी या वाळूंत मुरतें व खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. दोहोंच्या मध्यें भिंत नाहीं, खडक नाहीं. असतो तो केवळ वजनाचा फरक. गोडें पाणी हजार किलो भरतें त्या मापांत समुद्राचें पाणी सुमारें एक हजार पंचवीस किलो भरतें. घायबेन नांवाचा डच लष्करी इंजिनियर व हर्झबर्ग नांवाचा जर्मन इंजिनियर या दोघांनीं एकोणिसाव्या शतकाची अखेर व विसाव्याचा आरंभ या काळांत एकमेकांपासून वेगळें हें गणित मांडलें: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची जितकी उंची असेल, त्याच्या सुमारें चाळीस पट खोल गोडें पाणी खालीं साठलेलें असतें. ऐकून आनंद होतो; पण हिशेब उलट वाचला म्हणजे अंगावर कांटा येतो. विहिरींची पातळी कायमची एक हात उतरली, तर खालचें खारें पाणी कालांतरानें चाळीस हात वर सरकतें. वर एक हाताचा फरक कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

आणि बिघाड होण्यास लागतें तें किती? समुद्राच्या एका लिटरांत सुमारें १९ ग्रॅम क्लोराइड असतें. पिण्याच्या पाण्यासाठीं भारतीय मानकांत प्रथम मर्यादा लिटरास २५० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे पंच्याहत्तर तांबे निर्मळ पाण्यांत एक तांब्या समुद्राचें पाणी मिसळलें कीं ती मर्यादा गांठली जाते. माड हें सोशिक झाड आहे, तें बराच काळ दम धरतें. केळ तेवढी सोशीत नाहीं आणि पानवेल तर मुळींच नाहीं. राजेळी केळीचीं सुकेळीं ज्या आगाशीनें दूरदूर पोंचविलीं, आणि ज्या वाड्यांतून मोगरा, चाफा, भाजी व पान पहांटेच्या गाडीनें मुंबईस जात आलें, त्यांचा सारा डौल या पातळ गोड्या थरावर उभा आहे.

आमच्या पूर्वजांस घायबेन ठाऊक नव्हता; पण बावखल ठाऊक होतें. वाडीच्या सखल भागीं उथळ, रुंद खड्डा खणावा, पावसाळ्यांत तो भरून वाहावा, आणि उन्हाळ्यांत वाळूंतला झरा त्यांत उतरावा, ही ती योजना. खोल न जातां वरवरचें गोडें पाणी रुंद पृष्ठभागावरून हळूहळू काढून घेणें हाच किनाऱ्यावरील उपशाचा निर्धोक मार्ग होय, असें आजचें शास्त्र सांगतें. साय काढणारा पातेल्याच्या तळाशीं पळी घालीत नाहीं. त्यावर रहाट चाले, आणि रहाटास जनावर जुंपलेलें असे. जनावर दमलें कीं रहाट थांबे, रहाट थांबला कीं झऱ्यास उसंत मिळे. उपशाचा कायदा तेव्हां कागदावर लिहिलेला नव्हता. तो बैलाच्या खांद्यावर लिहिलेला होता. प्रथम तेलाचें इंजिन आलें, मग विजेचा पंप आला, आणि तो कायदा कोणी रद्द न करतां आपोआप रद्द झाला. आम्ही पंपाचे वैरी नाहीं. रात्रीं उठून रहाट हांकण्याचे कष्ट ज्यांनीं काढले त्यांस पंपाचें मोल निराळें सांगावयास नको. परंतु जनावराच्या जागीं यंत्र आणतांना जनावराच्या विश्रांतीच्या जागीं कोणता नियम आणावयाचा, हा प्रश्न कोणी विचारलाच नाहीं.

पुढें लोकल गाडीच्या सोयीनें मुंबईची वस्ती उत्तरेकडे लोटली. १९८० नंतरच्या दशकांत नालासोपारें, विरार, नवघर-माणिकपूर येथें इमारती उठूं लागल्या, आणि त्या दशकाच्या अखेरीस शेतीच्या व हरित म्हणून राखलेल्या पट्ट्यांतील बराच भाग बांधकामास खुला करण्यांत आला. घरें आधीं झालीं, नळ मागाहून यावयाचे होते. मधल्या काळांत त्या घरांची तहान कोठून भागणार? ती या पश्चिम पट्टीच्या विहिरींतून भागविण्यांत आली. विहिरींवर मोठे पंप बसले, रस्त्यावर टँकरांची रांग लागली, आणि ज्या वाडींत दिवसभर घाम गाळून केळीचा एक घड विकावयाचा, तेथें नुसती कळ दाबून पाणी विकतां येतें असा शोध कित्येकांस लागला.

या व्यवहाराचा हिशेब आमच्या वाचकांनीं एकदां स्वतः मांडून पाहावा. टँकर दहा हजार लिटरांचा धरूं. एका विहिरीवरून दिवसास दहा खेपा गेल्या तर एक लक्ष लिटर पाणी गेलें. म्हणजे एक एकर जमिनीवर सुमारें एक इंच पाणी दररोज. आतां जमेची बाजू पाहूं. वर्षास दोन हजार मिलिमीटर पाऊस धरला तर एका एकरावर सुमारें ऐंशी लक्ष लिटर पडतें. त्यांतलें बरेंच ओढ्याखाडीनें समुद्रास मिळतें, कांहीं उडून जातें. चौथा हिस्सा मुरतो असें उदारपणें धरलें तरी वीस लक्ष लिटर होतात. म्हणजे एक एकराची वर्षाची कमाई ती विहीर वीस दिवसांत विकून मोकळी होते! उरलेले दिवस ती कोणाचें पाणी विकते? शेजाऱ्याचें. आणि शेजाऱ्याचेंहि संपलें म्हणजे समुद्र आपलें पाणी धाडून देतो. सात-बाऱ्यावर विहिरीचा धनी एक असेल. वाळूंतल्या झऱ्याचा धनी एक कसा असूं शकेल?

अशा वेळीं या गांवांनीं जें केलें तें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांनीं मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखें आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे १९४२ सालीं याच पट्टींतील नंदाखाल येथें जन्मले. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते १९८३ पासून २००७ पर्यंत संपादक होते, आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. त्यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समिति उभी राहिली. ख्रिस्ती आणि हिंदु, सामवेदी, वाडवळ, माळी, भंडारी, कोळी असे एरवीं लग्नकार्यापुरतेहि एका मांडवांत न बसणारे लोक एका मोर्चांत चालले. धनदांडग्यांची दहशत त्या काळीं तालुक्यावर होती, आणि उघड बोलणें हें धोक्याचें काम होतें. तरी माणसें बोललीं. टँकर अडविले गेले, बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या, आणि बागाईत व पाणी या दोन गोष्टींवर सारा पश्चिम पट्टा एक झाला. त्यांतील सर्व मागण्या मान्य झाल्या असें नव्हे; इमारती थांबल्या नाहींत, आणि विकासाच्या नकाशांवरचे वाद पुढें किती वर्षें चालले तें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पट्टींत आज जी हिरवळ उरली आहे ती आपोआप उरली असें ज्यास वाटत असेल, त्यानें रेल्वेच्या पूर्वेस जाऊन पाहून यावें. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजीं वारले. त्यांच्या पश्चात् त्या एकीचें काय करावयाचें, हा आतां आमच्यापुढचा प्रश्न आहे.

आमचें म्हणणें थोडें कडू आहे. त्या एकीनें रस्ता राखला. विहीर अजून राखावयाची आहे. टँकर बाहेरचा होता, त्याचा चालक अनोळखी होता, त्याच्यापुढें आडवें होणें कठीण असलें तरी सोपें होतें. मीठ बाहेरून येत नाहीं. तें आपल्याच वाडीखालून, आपल्याच पंपाच्या नळीनें वर येतें, आणि त्याच्यापुढें आडवें व्हावयाचें म्हणजे सख्ख्या चुलत्यास ‘काका, ही बोअर मारूं नका’ असें सांगावें लागतें. खोल बोअर मारणारास भरपूर पाणी लागल्याचा आनंद पहिलीं कांहीं वर्षें होतो. परंतु पंपाच्या तोंडाखालीं खारें पाणी सुळक्यासारखें उचललें जातें, आणि एकदां तें वाळूंत भिनलें म्हणजे पंप बंद केला तरी लगेच खालीं बसत नाहीं. त्यास अनेक पावसाळे लागतात. ती बोअर ज्याची त्याची असते, सुळका मात्र शेजारच्या बावखलासहि पोंचतो.

हें भय कल्पनेचें नाहीं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मांगरोळ, चोरवाड या बाजूचा प्रदेश लीली नाघेर, म्हणजे हिरवी नाघेर, या नांवानें ओळखला जाई. नारळीच्या बागा आणि पानवेली यांसाठीं त्याची ख्याति होती. तेथें इंजिनें आणि वीजपंप आले, उपसा वाढला, आणि विहिरींत समुद्र शिरला. इतका कीं गुजरात सरकारास १९७० नंतरच्या दशकांत त्यासाठीं उच्चस्तरीय समित्या नेमाव्या लागल्या, आणि मग खाड्यांच्या मुखाशीं बंधारे, भरती अडविणारे दरवाजे, पाणी मुरविण्याचे तलाव अशीं खर्चाचीं कामें दशकानुदशकें करावीं लागलीं. खारें पाणी मागें रेटणें हें सरकारचें काम होऊन बसलें, कारण तें पुढें येऊं न देणें हें गांवांचें काम होतें तेव्हां तें झालें नाहीं. हॉलंडांत ॲम्स्टरडॅमकरांनींहि समुद्रकांठच्या वाळूच्या टेकड्यांतलें गोडें पाणी उपसून संपत आणलें होतें, आणि १९५७ पासून ते ऱ्हाईन नदीचें पाणी आणून त्या वाळूंत मुद्दाम मुरवीत आले आहेत. श्रीमंत देशास हें परवडतें. वसईच्या वाडीवाल्यास पावसाखेरीज ऱ्हाईन नाहीं.

येथें आमच्या शहरी बंधूंविषयीं एक शब्द लिहिणें अगत्याचें आहे. २०११ च्या शिरगणतींत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लक्ष २२ हजारांच्या घरांत होती, आणि त्यानंतर ती वाढतच आहे. या माणसांस शत्रु मानणें अन्यायाचें होईल. पाण्यावांचून घर विकणारा निराळा आणि तें कर्ज काढून घेणारा निराळा. त्यांना पाणी मिळालें पाहिजे. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना ४०३ दशलक्ष लिटरांची असून तींत वसई-विरारचा वांटा १८५ व मिरा-भाईंदरचा २१८ दशलक्ष लिटर ठरला आहे. तिचें पाणी २०२३ च्या अखेरीस वसई-विरारकडे येऊं लागलें. सूर्या नदीवरील धामणीचें धरण मुळांत शेतीच्या ओलितासाठीं बांधलेलें, आणि डहाणू, पालघर, विक्रमगड भागांतील शेतकऱ्यांची त्याबाबत तक्रार आहे, हें कृषकांच्या मासिकानें विसरूं नये. आपल्या विहिरी वांचल्या त्या दुसऱ्या कोणा शेतकऱ्याच्या पाटाच्या जिवावर वांचल्या काय, हें आपण एकदां तरी स्वतःस विचारावें. परंतु ‘आतां सूर्येचें पाणी आलें, विहिरींची चिंता मिटली’ असें जे म्हणतात, ते दोन निरनिराळ्या गोष्टी एक करतात. नळाचें पाणी तहान भागवील. तें केळीच्या आळ्यांत सोडण्यासाठीं कोणी देणार नाहीं.

कायदे आहेत, नाहींत असें नाहीं. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनें भरतीरेषेपासून २०० मीटरांच्या आंत भूजल काढण्यास मनाई केली, आणि २०० ते ५०० मीटरांत तें साध्या विहिरींतून हातानें काढण्यापुरतेंच मोकळें ठेवलें. १९९३ च्या राज्याच्या कायद्यानें पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवाजवळ नव्या विहिरींस आळा घातला होता. त्यानंतर महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आला. हे कायदे वाचून आमची अशी समजूत झाली आहे कीं, त्यांतील प्रत्येकास विहिरीजवळ उभा राहणारा माणूस लागतो, आणि तो माणूस तालुक्याच्या कचेरींतून येणार नाहीं. महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजीं स्थापन झाली, तेव्हांपासून कोणतें गांव तींत असावें व कोणतें नसावें याचा झगडा चालत आला. त्या झगड्याचें महत्त्व आम्ही कमी मानीत नाहीं. पण गांव पालिकेंत असो वा ग्रामपंचायतींत असो, खालचें मीठ हद्दीचा दगड पाहून थांबत नाहीं.

तर मग करावयाचें काय? आमच्या मतें आरंभ मोजणीपासून व्हावा. पाण्यांतील क्षार दाखविणारें खिशांत मावेल असें विद्युत्वाहकतामापक बाजारांत सहज मिळतें, आणि एका गांवास एक पुरतें. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या कोष्टकाप्रमाणें त्यावर ७०० मायक्रोसीमेन्सपर्यंतचें पाणी ओलितास निर्धोक समजावें, आणि ३००० च्या वर गेलें तर धोका तीव्र जाणावा. मधला पल्ला सावधगिरीचा. गांवांतील दहा-बारा विहिरी व बावखलें निवडावीं. समुद्राजवळचीं कांहीं, मधलीं कांहीं, खाजणाकडचीं कांहीं. चैत्र अखेरीस एकदां आणि दिवाळीनंतर एकदां गांठी मारलेल्या दोरीनें पाण्याची पातळी घ्यावी, मापकानें क्षार पाहावा, आणि दोन्ही आंकडे देवळाच्या ओसरीवर व चर्चच्या फलकावर सारखेच लावावे. आंकडा गुप्त राहिला कीं तो घरचें दुखणें होतो, चारचौघांत लागला कीं गांवचा होतो. ज्या विहिरीचा क्षार दोन वर्षें लागोपाठ चढेल तिला पुढच्या उन्हाळ्यांत विश्रांति द्यावी, आणि तिच्या धन्याचें पीक मरूं नये म्हणून शेजाऱ्यांनीं पाळीनें पाणी द्यावें. ही शेवटची गोष्ट जमली तरच बाकीच्या जमतील. विश्रांतीचा सारा तोटा एकट्यानें सोसावयाचा असेल तर तो रात्रीं पंप लावील, आणि त्यास आम्ही फारसा दोष देणार नाहीं.

पाणीविक्रीविषयीं मात्र आम्ही तडजोड सुचवीत नाहीं. टँकर रस्त्यावर अडविणाऱ्या गांवांत तो मागच्या वाटेनें भरला जात असेल तर त्याची वाच्यता गांवसभेंत झाली पाहिजे.

राहतां राहिलें बावखल. त्यांतलीं पुष्कळ खाजगी मालकीचीं, खातेफोडींत चार-पांच वारसांच्या नांवें गेलेलीं. रहाट गेल्यापासून त्यांचा प्रत्यक्ष उपयोग संपला असें घरांतल्या तरुणांस वाटतें, डांस होतात म्हणून बायका कुरकुरतात, आणि मातीचा डंपर एका रात्रींत तें भरून देतो. दुसऱ्या दिवशीं तेथें पाव गुंठ्याचा का होईना, घराचा पाया पडतो. वारसाच्या जागीं उभें राहून पाहिलें तर त्याचें चुकतें असें म्हणवत नाहीं. मुंबईच्या भावानें जागा विकली जात असतां तळ्याच्या नांवानें ती मोकळी ठेवण्यास मन मोठें लागतें. म्हणून केवळ उपदेशानें बावखलें वांचणार नाहींत. त्यांच्या मालकांस कांहीं दिलें पाहिजे. घरपट्टींत सूट मिळावी अशी मागणी पालिकेकडे संघटितपणें करतां येईल. गाळ काढण्याचें काम दरसाल गांवानें अंगमेहनतीनें करून द्यावें, आणि निघालेला गाळ मालकाच्या केळीस जावा. डांसांसाठीं गप्पी मासे सोडावे. शिवाय वाडींतल्या छपरांचें पाणी, जें आज गटारानें खाडीस मिळतें, तें वाळूंतून गाळून बावखलांत वळवावें. त्यानें उन्हाळ्यांत पाणी किती दिवस अधिक टिकतें तें एका वर्षांत दिसेल, आणि दिसलें म्हणजे भरणाऱ्याचा हात थोडा तरी अडखळेल.

यंदाच्या चैत्र अखेरीस ज्या गांवांस पहिली मोजणी करावयाची असेल त्यांनीं आतांपासून विहिरी निवडून ठेवाव्या. आंकडे आमच्याकडे धाडल्यास ते मालकाचें नांव वगळून, केवळ गांव, समुद्रापासूनचें अंतर, पातळी व क्षार एवढें देऊन, आम्ही या मासिकांत छापूं, आणि पुढच्या दिवाळीच्या आंकड्यांशीं ताडून दाखवूं.